कानात वाजणारी नाडी : उपचारांच्या शोधाचा योग्य क्रम

मनुष्याचे हृदय मिनिटाला साधारणतः सत्तर ते ऐंशी वेळा धडधडते. मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी आतल्या कानाला जवळजवळ खेटून कवटीत शिरते, आणि मेंदूकडून परतणारे रक्त कानामागील हाडाच्या आतल्या अंगाने खाली उतरते. इतका मोठा प्रवाह कानाच्या इतक्या निकट अहोरात्र वाहत असूनही त्याचा आवाज सहसा ऐकू येत नाही. काहींच्या बाबतीत मात्र ही शांतता एके दिवशी भंगते. उशीवर डोके टेकताच कानात ‘सूं... सूं...’ असा, लाटेसारखा किंवा लांबून येणाऱ्या यंत्रासारखा आवाज सुरू होतो. मनगटावरील नाडी धरून पाहिली असता आवाजाचा आणि ठोक्याचा मेळ तंतोतंत बसतो. जिना चढल्यावर नाडी जलद झाली की आवाजही जलद होतो. वैद्यकशास्त्रात यास ‘पल्सटाइल टिनिटस’ म्हणतात. मराठीत त्यास स्पंदनशील कर्णनाद म्हणता येईल.

अंबरनाथ पूर्वेकडील पालेगाव हे गेल्या काही वर्षांत उंच इमारतींच्या वसाहतींनी भरून गेले आहे. येथील कर्ता माणूस पहाटे रिक्षाने स्थानक गाठतो, लोकलच्या गर्दीत मुंबईला जातो आणि रात्री परततो. दिवसभराच्या कोलाहलात असा आवाज दबून जातो. घरातील दिवे मालवल्यानंतर तोच असह्य होतो. शिवाय हा पट्टा कारखान्यांचा. औद्योगिक वसाहतीत आणि शस्त्रास्त्र निर्माणीत यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य घालवलेल्या माणसांचे कान वाजणे येथे नवलाचे नाही. त्यामुळे कोणी ‘कान वाजतो’ म्हटले की त्यास वयाचा अथवा यंत्रांचा परिणाम समजून ‘सवय होईल’ असा दिलासा दिला जातो. या विषयातील खरा धोका येथेच आहे.

दोन नादांतील अंतर

साध्या कर्णनादात शिट्टीसारखा, रातकिड्यांसारखा किंवा सलग घूं असा आवाज येतो. त्याचे मूळ बहुधा आतल्या कानातील श्रवणपेशींच्या झिजेत असते आणि नाडीशी त्याचा संबंध नसतो. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांच्या कानात असा एकच तीव्र स्वर वाजत असे. १८७६ साली रचलेल्या आपल्या चतुष्कात त्यांनी तो स्वर व्हायोलिनवर धरून ठेवला. अशा नादाचे निश्चित कारण पुष्कळदा हाती लागत नाही आणि त्याच्याशी जुळवून घेण्यास शिकणे हाच मुख्य उपचार ठरतो.

स्पंदनशील कर्णनाद हा कर्णनादाच्या एकूण रुग्णांपैकी दहांत एकाहूनही कमी जणांना होतो. त्याचे वैशिष्ट्य असे की येथे आवाज खरोखर शरीरात निर्माण होत असतो. रक्ताचा प्रवाह कोठेतरी खळाळतो, किंवा प्रवाह नेहमीचाच असून तो कानापर्यंत पोहोचू न देणारे हाडाचे आवरण पातळ झालेले असते. काही वेळा डॉक्टरांनी रुग्णाच्या कानामागे अथवा मानेवर स्टेथोस्कोप ठेवल्यास त्यांनाही तो ऐकू येतो. म्हणून या रुग्णास ‘सवय करून घ्या’ हा सल्ला तपासणीच्या अखेरीस देता येतो, आरंभी नाही. नाद हा रोग नसून चिन्ह आहे. त्याचे मूळ पुष्कळ रुग्णांत सापडते, आणि सापडलेल्या मुळांपैकी अनेकांवर इलाज आहे. उपचार शोधणे म्हणजे येथे प्रथम कारण शोधणे होय.

कारणांचा पट

कारणे साध्यापासून गंभीरापर्यंत पसरलेली आहेत. रक्तक्षय, थायरॉइडचे वाढलेले कार्य, गर्भावस्था आणि उच्च रक्तदाब यांत रक्ताचा वेग वा जोर वाढतो आणि कान त्याची दखल घेऊ लागतो. शाकाहारी कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दुधातून ते मिळते, पण दूध अल्प घेणाऱ्या किंवा दीर्घ उपवास करणाऱ्या व्यक्तीत बी-१२ आणि लोह या दोहोंची कमतरता असू शकते. रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते आणि भरून काढता येते. मधल्या कानात साचलेला द्राव किंवा तेथील सूक्ष्म हाडाचा ताठरपणा यांमुळे बाहेरचे आवाज मंदावतात आणि आतले ठळक होतात. हेही साध्याच कारणांत मोडते.

दुसरा गट शिरांचा. कानामागून वाहणाऱ्या, मेंदूतील रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेवरील हाड झिजते किंवा त्या शिरेस फुगवटा येतो. अथवा ती शीर एखाद्या ठिकाणी अरुंद होते आणि पुलाखालच्या पाण्यासारखे रक्त तेथे खळाळते. हे अरुंदपण पुष्कळदा कवटीतील द्रवाचा दाब वाढण्याशी निगडित असते. हा विकार मुख्यत्वे वजन अधिक असलेल्या तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. डोकेदुखी, वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आणि कानातील हा नाद ही त्याची त्रयी. उपेक्षा झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. मुरुमांसाठी दिली जाणारी टेट्रासायक्लिन गटातील काही औषधे आणि अ जीवनसत्त्वाचे अतिसेवन यांनीही हा दाब वाढतो. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांस सांगणे अगत्याचे आहे.

तिसरा गट धमन्यांचा. मानेतील धमनीत चरबीचे थर साचणे, धमनीचे अस्तर फाटणे आणि मेंदूच्या आवरणात धमनी व शीर यांची थेट जोडणी होणे, ही त्यातील प्रमुख कारणे. या जोडणीस फिस्टुला म्हणतात. जोरदार दाबाचे रक्त दुबळ्या शिरेत शिरल्याने काही प्रकारच्या फिस्टुलांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

चौथ्या गटात मधल्या कानातील किंवा त्याखालील रक्ताळलेली गाठ येते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण हळूहळू वाढते. याच गटात आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला पडलेले छिद्रही मोडते. या विकाराचे वर्णन अमेरिकेतील लॉइड मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली केले. अशा रुग्णास स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते, आणि कित्येकांना आपल्या बुबुळांच्या हालचालीचाही आवाज ऐकू येतो. तो भ्रम नव्हे, हे कुटुंबीयांनी जाणून घेणे महत्त्वाचे आहे.

पालेगावहून निघणारी वाट

शोधाचा आरंभ घरच्या वहीपासून करावा. आवाज केव्हा सुरू झाला, एका कानात की दोन्हींत, नाडीशी मेळ बसतो का, मान वळवल्यावर वा कुशीवर झोपल्यावर त्यात फरक पडतो का, डोकेदुखी, दृष्टी, चक्कर यांची तक्रार आहे का, हे तारीखवार लिहून ठेवावे. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत ही एका पानाची नोंद फार मोठे काम करते. मात्र मान दाबून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. मानेची एक बाजू अलगद दाबल्यावर नाद थांबतो का हे डॉक्टर पाहतात. तो थांबल्यास शिरेतील कारणाचा संशय बळावतो. त्याच जागी धमनीही असल्याने ते काम जाणत्या हातांचे आहे.

पहिली भेट घरच्या डॉक्टरांची. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांच्या तपासण्या अंबरनाथमध्येच अल्प खर्चात होतात. दुसरी भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची. ते कानाच्या पडद्यामागे लालसर गाठ किंवा द्राव दिसतो का ते पाहतात आणि श्रवणाची मोजणी करवतात. तिसरी भेट नेत्रतज्ज्ञांची. कानाच्या तक्रारीसाठी डोळ्यांकडे कशाला, असे वाटून ही पायरी वारंवार गाळली जाते. परंतु बाहुली रुंदावून डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील मज्जातंतूला सूज आहे का हे पाहिले, की कवटीतील वाढलेल्या दाबाचा सुगावा काही मिनिटांत लागू शकतो. सारी चिकित्सा पाहता इतक्या स्वस्त तपासणीने दृष्टी वाचवण्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यानंतर चित्रांची पाळी येते. साध्या कर्णनादात स्कॅनची गरज सहसा नसते, हे २०१४ सालच्या अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांत नमूद आहे. पण स्पंदनशील नाद हा त्याच सूत्रांत अपवाद म्हणून वेगळा काढलेला आहे. कानामागील हाडाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन आणि धमन्या व शिरा या दोहोंचे चित्रण असलेला एमआरआय ही यातील मुख्य साधने. मानेतील धमन्यांसाठी डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. ‘मेंदूचा एमआरआय निर्दोष’ असा अहवाल आला म्हणजे शोध संपला असे नव्हे. मेंदूच्या साध्या एमआरआयमध्ये कानामागच्या शिरेवरील हाडाची झीज दिसत नाही आणि छोटा फिस्टुलाही निसटू शकतो. चिठ्ठीवर ‘उजव्या कानात नाडीसोबत नाद’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यास स्कॅन वाचणारे तज्ज्ञ त्या जागी मुद्दाम नजर टाकतात. अहवालाच्या कागदासोबत स्कॅनची सीडी जपून ठेवावी, कारण पुढचे तज्ज्ञ मूळ चित्रेच पाहू इच्छितात.

इतके करूनही संशय उरल्यास डीएसए ही अँजिओग्राफी करावी लागते. मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे प्रवाहचित्र यात घेतात. फिस्टुला ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची तपासणी. तथापि तीत पक्षाघाताचा अल्पसा धोका असतो, म्हणून ती सर्वांना सरसकट करत नाहीत. त्यासाठी पालेगावच्या रुग्णास बहुधा मुंबई गाठावी लागते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय ही महापालिकेची मोठी शिक्षण रुग्णालये मध्य रेल्वेच्या वाटेवरच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ झाला; काळाच्या ओघात निदानाच्या काही पायऱ्या गावाजवळच पूर्ण होतील, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली आहे.

काही चिन्हे दिसल्यास मात्र ही पायरीपायरीची वाट न धरता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. मान वा डोके एकाएकी दुखू लागून नाद सुरू होणे, एका डोळ्याची पापणी झुकणे, दृष्टी अंधुक होणे, हातापायातील बळ जाणे किंवा वाचा अडखळणे, आणि डोक्याला मार लागल्यानंतर डोळा लाल होऊन बाहेर येणे, ही ती चिन्हे होत.

दोन शतकांचा प्रवास

आजच्या उपचारांचे मोल कळण्यास मागे वळून पाहणे उपयुक्त ठरते. १८०९ साली लंडनचे शल्यविशारद बेंजामिन ट्रॅव्हर्स यांच्याकडे एक स्त्री आली. तिचा डोळा बाहेर येऊन नाडीसारखा उडत होता आणि डोक्यात सतत आवाज येत होता. ट्रॅव्हर्स यांनी तिच्या मानेतील धमनी बांधून टाकली आणि तिला आराम पडला. भूल देण्याची विद्या अद्याप यायची होती, आत काय बिघडले आहे हे दाखवणारे साधनही नव्हते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र प्रथम घेतले ते लिस्बन येथे एगाश मोनिझ यांनी, १९२७ साली. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती १९७१ मध्ये. १९७४ साली मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंको यांनी नळीच्या टोकावरील सुटा होणारा फुगा रक्तवाहिनीत सोडून, कवटी न उघडता दोष बंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूच्या शिरेत स्टेंट बसवून कवटीतील दाब उतरवल्याचा अहवाल केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००२ साली दिला. म्हणजे आज मुंबईत उपलब्ध असलेले काही उपचार अवघ्या दोन-तीन दशकांचे आहेत. वीस वर्षांपूर्वी ‘इलाज नाही’ असे ऐकलेल्या रुग्णाने पुन्हा एकदा तपासणी करून घेणे म्हणूनच योग्य ठरते.

जसे कारण तसा उपचार

रक्तक्षय वा थायरॉइडचा दोष दुरुस्त झाला की त्यामुळे आलेला नाद बहुधा ओसरतो. कवटीतील दाब वाढलेला असल्यास वजन कमी करणे हा उपचाराचा पाया, आणि त्यास ॲसेटाझोलामाइड या औषधाची जोड. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, १६५ रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात कमी मिठाचा आहार व वजन घटवणे यांसोबत हे औषध घेणाऱ्यांची दृष्टी केवळ आहार पाळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. या औषधाने लघवी वाढते, हातापायांना मुंग्या येतात, मूतखड्याचाही संभव असतो. म्हणून ते चालू असताना पाण्याशिवायचे उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

शीर अरुंद असून औषधांनी भागत नसेल, तर निवडक रुग्णांत स्टेंट बसवतात. नाद पुष्कळांचा लगेच थांबतो. परंतु त्यानंतर काही महिने रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात आणि शस्त्रक्रियेचे धोके असतातच. शिरेवरील हाड झिजले असल्यास कानामागून शस्त्रक्रिया करून ती जागा पुन्हा झाकतात. पूर्वी मानेतील शीर बांधून टाकण्याची पद्धत होती. तिचे परिणाम बेभरवशाचे ठरल्याने ती मागे पडली. फिस्टुला नळीवाटे घट्ट होणाऱ्या द्रव्याने किंवा धातूच्या बारीक वेटोळ्यांनी बुजवतात. गाठीसाठी शस्त्रक्रिया अथवा नेमका किरणोपचार, आणि नलिकेतील छिद्रासाठी ते बुजवण्याची शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. मानेतील धमनीत चरबी साचली असल्यास उपचार पक्षाघात टाळण्यासाठी करावयाचा असतो. नाद थांबणे हा त्यातील आनुषंगिक लाभ.

फिस्टुलाच्या रुग्णांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. उपचाराविना नाद एकाएकी थांबला तर तो शुभसंकेतच असे मानू नये. रक्ताने दुसरी, अधिक धोक्याची वाट धरली असण्याचाही संभव असतो. अशा वेळी पुन्हा तपासणी करावी.

उपचार न करण्याचा निर्णय

सापडलेला प्रत्येक दोष अपराधी असतोच असे नाही. मेंदूतील शीर एका बाजूस अरुंद असणे किंवा कानाखालची शीर उंच असणे हे कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक निरोगी माणसांतही आढळते. म्हणून स्कॅनवर काही दिसताच स्टेंटसाठी संमतिपत्रावर सही करण्याची घाई नको. नाद ज्या बाजूस आहे त्याच बाजूस दोष आहे का, मान दाबल्यावर नाद थांबतो का, अरुंद जागेच्या अलीकडे व पलीकडे दाबात मोजण्याइतका फरक आहे का, हे प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. फिस्टुला सौम्य प्रकारचा असेल, तर केवळ लक्ष ठेवणे हाही मान्य पर्याय आहे. घातक कारण नाही अशी खात्री झाल्यावर कित्येक रुग्णांना नादाचा त्रास निम्म्याने कमी वाटू लागतो, कारण आवाजापेक्षा आवाजाची भीती मोठी असते.

खर्चाची तरतूद

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते संलग्न रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांनाच लागू पडते. आपला उपचार यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. खासगी विमा असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी. नवी पॉलिसी घेताना हा नाद लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे; माहिती दडवल्यास मात्र दावाच नाकारला जाऊ शकतो. खर्चाचे अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात स्टेंट अथवा वेटोळ्यांची किंमत स्वतंत्र दाखवलेली आहे ना, ते पाहावे.

नादासोबतचे दिवस

सर्व तपासण्या होऊनही काहींचे कारण सापडत नाही. काहींचे सापडते, पण उपचाराचा धोका नादापेक्षा मोठा ठरतो. अशांसाठी झोपताना मंद पंखा किंवा पावसाचा हलका आवाज, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र आणि नादाकडे पाहण्याची दृष्टी बदलणारे समुपदेशन हे मार्ग उरतात. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणविषयक सेवा देत आहे. जाहिरातींतून विकले जाणारे थेंब, जिंको बिलोबाच्या गोळ्या आणि ‘खात्रीशीर’ काढे यांवर पैसा घालवू नये. दीर्घकाळच्या त्रासदायक कर्णनादासाठी अशी पूरक औषधे सुचवू नयेत, असे वर उल्लेखिलेल्या २०१४ च्या सूत्रांतही म्हटले आहे. यात पैशाहून मोठी हानी वेळेची होते.

कुटुंबीयांचा वाटाही लहान नाही. इतरांना ऐकू न येणाऱ्या आवाजाची तक्रार करणाऱ्या सुनेला, आजीला किंवा मुलीला ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले जाते. मग ती बोलायचे थांबते आणि त्या मौनात मौल्यवान महिने निघून जातात. घरात कोणी अशी तक्रार केली तर तिचे मनगट हाती घ्यावे, नाडी धरावी आणि आवाजाचे ठोके तिला मोजून सांगण्यास लावावे. दोहोंचा मेळ बसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याचे विसरू नये.